शेजाऱ्यांचे स्टेशन : शिवाजीनगर

पुणे जंक्शनचा इतिहास लिहायला बसले की हाताशी पुष्कळ काही असते. २७ जुलै १९२५ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उघडलेली इमारत आहे, दख्खनची राणी आहे, मिरजेकडे फुटणारा फाटा आहे. तिथून दोन-तीन किलोमीटरवरच्या शिवाजीनगरच्या वाट्याला यातले काही आले नाही. फोटो काढावा असा दर्शनी भाग नाही, आणि स्टेशन कोणत्या बाजूने सुरू होते हे नवख्या माणसाला पटकन कळतही नाही. तरीही गावठाण, मॉडेल कॉलनी, घोले रोड, जंगली महाराज रस्ता या भागातला माणूस मुंबईहून येताना शक्यतो इथेच उतरतो. पुण्याच्या पश्चिम अंगाचा हा खरा दरवाजा आहे आणि तो कुणी ठरवून बांधलेला नाही. आजूबाजूला एकेक संस्था येत गेली, तिच्या मागून माणसे आली आणि माणसांच्या मागून, बऱ्याच सवडीने, रेल्वेच्या सोयी आल्या. त्यामुळे या स्टेशनची हकिगत सांगायची तर शेजाऱ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

पहिला शेजारी म्हणजे भांबुर्डे गाव. मुठेच्या पलीकडच्या काठावर वसलेले, रोकडोबाच्या देवळाचे, शिरोळे पाटलांचे गाव. आज जंगली महाराज रस्त्यावर असलेले पाताळेश्वराचे कोरीव देऊळ याच गावच्या हद्दीतले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खंडाळा ते पुणे ही गाडी १४ जून १८५८ रोजी सुरू झाली, तेव्हा ती या गावच्या शिवारातून धावली. बोरघाट मात्र अजून व्हायचा होता. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीपर्यंत आगगाडीने येई, तिथून पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा त्याचा चढ होता. तो एका दमात चढता येत नसे, म्हणून गाडी मध्येच एका जागी थांबवून तिची दिशा उलटवावी लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच काळात वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे चालवले, ही हकिगत रेल्वेच्या पुस्तकांत हमखास सापडते. पटकीने आणि तापाने त्या घाटात मेलेल्या हजारो मजुरांची नावे मात्र कुठे सापडत नाहीत. पुण्याचा पुढचा सारा रेल्वे-व्यवहार त्यांच्या कामावर उभा आहे, म्हणून एवढी नोंद या स्मरणिकेत असावी.

रूळ गावावरून गेले म्हणून गावाला लगेच स्टेशनचे महत्त्व आले असे झाले नाही. कंपनीचे लक्ष छावण्यांवर होते. एका बाजूला खडकीची छावणी, दुसऱ्या बाजूला पुण्याची, आणि गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम. भांबुर्डे या सगळ्याच्या मधोमध होते, पण कुणाचेच नव्हते. त्याला महत्त्व आले ते शाळा, कॉलेजे आणि सरकारी कचेऱ्यांमुळे. संगमाजवळचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासूनचे, म्हणजे पुण्याच्या रेल्वेपेक्षाही चार वर्षांनी थोरले. विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी तिथे शिकून गेला. पुढे १९०७ मध्ये शेतकी कॉलेज निघाले. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. त्याच्या इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणायला जे सुरू केले ते आजतागायत. चौकाचेही नाव तेच पडले. पावसाचा अंदाज चुकला की जिथे बोट दाखवायचे ते ठिकाण स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आहे!

त्याच १९२८ सालची आणखी एक गोष्ट रेल्वेशी जोडलेली आहे. शिवछत्रपतींचे भव्य स्मारक पुण्यात व्हावे यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते नोव्हेंबर १९२१ मध्ये भांबुर्ड्यात कोनशिला बसली. अश्वारूढ पुतळा घडवला सासवन्याच्या नानासाहेब करमरकरांनी. तो मुंबईत ओतला गेला आणि रेल्वेने पुण्याला आणला गेला. एवढे प्रचंड ओतकाम वाघिणीवर चढवायचे, बोरघाटाच्या बोगद्यांतून पार करायचे आणि धक्का न लावता उतरवायचे, हे काम त्या काळी सोपे नव्हते. अनावरण केले ते पुणे स्टेशनची इमारत उघडणाऱ्या लेस्ली विल्सन यांनीच. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो पुतळा आजही उभा आहे. पुढे भांबुर्ड्याच्या जागी शिवाजीनगर हे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि स्टेशनच्या पाटीवरही तेच राहिले. जुने नाव अगदीच पुसले गेले नाही. जमिनीच्या कागदपत्रांत आणि वनखात्याच्या दफ्तरात भांबुर्डा अजून नांदतो आहे.

रेल्वेच्या बाजूने याच सुमारास मोठा बदल झाला. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला. घाटातले गाडी उलटवण्याचे ठिकाणही नव्या वळणमार्गामुळे निकालात निघाले. दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह, म्हणजे मुंबईच्या लोकलला लागणाराच. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावली आणि सगळे कौतुक तिच्या वाट्याला गेले. ते रास्तच होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते डोक्यावरची तार आणि तिचा दाब. मुंबईच्या उपनगरांत धावणारी गाडी तांत्रिकदृष्ट्या त्याच दिवसापासून पुण्यातही धावू शकत होती. प्रत्यक्षात ती धावायला आणखी अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

त्या अठ्ठेचाळीस वर्षांत शिवाजीनगरचे शेजारी वाढतच गेले. १९४९ मध्ये गव्हर्नरच्या बंगल्यात विद्यापीठ आले. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. जिल्हा न्यायालय तर चालत जाण्याच्या अंतरावर. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, मागोमाग चिंचवड-आकुर्डीचा औद्योगिक पट्टा भरत गेला. आणि सगळ्यात जवळचा, भिंतीला भिंत लावून बसलेला शेजारी म्हणजे एसटीचा स्टँड. नगर-पुणे मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली, त्यानंतर काही दशकांतच शिवाजीनगर स्टँड हे नगर, नाशिक, मराठवाडा, विदर्भ या साऱ्या उत्तरेकडच्या मुलखाचे पुण्यातले ठाणे झाले. सातारा-कोल्हापूरकडचा माणूस स्वारगेटला उतरणार आणि नाशिक-संभाजीनगरकडचा शिवाजीनगरला, ही वाटणी इतकी पक्की होती की रिक्षावाल्याला नुसते ‘शिवाजीनगर’ म्हटले तर तो स्टँडवरच नेऊन सोडी. रेल्वेने जायचे असेल तर ‘स्टेशन’ हा शब्द आवर्जून जोडावा लागे, आणि तो जोडूनही काहीजण पुणे स्टेशनला पोहोचत.

लोकलच्या आधी या मार्गावरची जवळची वाहतूक इंजिन जोडलेल्या पॅसेंजर गाड्यांवर चाले. दोन-तीन किलोमीटरवर स्टेशन असलेल्या मार्गावर अशी गाडी चालवणे जिकिरीचे. वेग घेईपर्यंत पुढचे स्टेशन येते, आणि शेवटच्या स्टेशनवर इंजिन सोडून, फिरवून दुसऱ्या टोकाला लावण्यात वेळ जातो. लोकलला दोन्ही टोकांना चालवण्याची सोय असते आणि मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या असतात. ती पटकन वेग घेते, पटकन थांबते, आणि लोणावळ्याला पोहोचली की मोटरमनने आपली बॅग उचलून दुसऱ्या टोकाला चालत जायचे, एवढेच काम उरते. ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. ही माळ मावळातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. चौसष्ट किलोमीटरचे अंतर गाडी सव्वा तासाच्या आसपास कापते.

लोकलने मावळ पुण्याला जोडला हे वाक्य सगळेच लिहितात, पण तो जोडला गेला म्हणजे काय झाले? मावळातल्या ज्या शेतकऱ्याची शिवाजीनगर कोर्टात तारीख असे, त्याला मुक्काम न करता, वकिलाला भेटून, दावा पुढे ढकलला गेल्याचे ऐकून संध्याकाळी धारेला घरी जाता येऊ लागले. वडगावची मुलगी कॉलेजसाठी वसतिगृहात न राहता घरून ये-जा करू लागली. अशा किती मुलींचे शिक्षण केवळ पासाच्या भरवशावर झाले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण या मार्गावरच्या प्रत्येक गावात त्या भेटतात. घरची परवानगी मिळायची ती ‘महिलांचा डबा आहे’ या एका मुद्द्यावर. कारखान्याच्या पहिल्या पाळीचा कामगार, मंडईला भाजी आणणारी बाई आणि दूधवाले हे तर लोकलचे मूळ रहिवासीच. दूधवाल्यांचे कॅन खिडकीच्या गजांना बाहेरून आकड्याने अडकवलेले असत. गाडी शिवाजीनगरात शिरली की थांबायच्या आतच ते उतरू लागत, आणि फलाटावर पत्र्याचा असा खणखणाट होई की घोषणा कुणाला ऐकू येत नसे. रेल्वेला हा प्रकार कधी आवडला नाही. पण सकाळच्या चहाला दूध हवे असलेल्या पुणेकराने त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

तिकीटखिडकीचे जुने रूपही नोंदवण्यासारखे आहे. जाळीआड लाकडी कप्प्यांची एक उभी मांडणी असे. स्टेशनांच्या क्रमाने कप्पे, आणि प्रत्येकात पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटांची चवड. मागणी येताच खालचे तिकीट ओढायचे, लोखंडी यंत्राच्या फटीत सरकवायचे, खट्ट आवाज होऊन तारीख उमटायची. कोणत्या गावाला किती लोक जातात हे चवडीच्या उंचीवरून बुकिंगवाल्याला नुसते पाहून कळे. संगणक आला तसे ते कप्पे गेले. मग यंत्रातून निघणारी तिकिटे आली, मोबाइलवरची आली. रांग कमी झाली हे खरे. सुट्या पैशांवरून होणारी रोजची वादावादीही गेली. मासिक आणि त्रैमासिक पास, विद्यार्थ्यांची सवलत या गोष्टी टिकून आहेत, आणि पाच रुपयांपासून सुरू होणारे लोकलचे भाडे हे आजही पुण्यातल्या स्वस्तात स्वस्त प्रवासांपैकी एक आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षणही इथे होते, ही सोय पश्चिम पुण्यातल्या कित्येक ज्येष्ठांना लोकलपेक्षा जास्त मोलाची वाटते. सिंहगड आणि प्रगतीसारख्या मुंबईच्या गाड्या इथे थांबतात. पुण्यात शिरताना जंक्शनात फलाट रिकामा नसला की गाडी आधीच रखडते, तेव्हा ‘उतरून घ्या शिवाजीनगरला’ हा सल्ला मुरलेला प्रवासी नवख्याला न मागता देतो. पादचारी पुलासमोर कोणता डबा लागतो हेही तोच सांगतो.

कारभाराच्या दृष्टीने हा भाग दीर्घकाळ मुंबईकडून पाहिला जात होता. १९९६ मध्ये मध्य रेल्वेचा स्वतंत्र पुणे विभाग झाला, तेव्हा स्थानिक प्रवाशांच्या आशा वाढल्या. लोकलच्या फेऱ्या हळूहळू वाढून दोन्ही दिशा मिळून चाळीसच्या आसपास गेल्या. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, त्यासाठी फलाट लांबवले गेले. २०१० च्या सुमारास पुणे-लोणावळा मार्गावर दीड हजार व्होल्टऐवजी पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह आला आणि जुन्या धाटणीच्या गाड्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात मुंबईच्या गाड्यांना दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने जोडावी लागत. काही लोकल जंक्शनपर्यंत न जाता शिवाजीनगरहूनच सुटू लागल्या. तिथली गर्दी टाळायला केलेली ही सोय होती, पण तिने शिवाजीनगरला ‘मधले स्टेशन’ या पायरीवरून ‘सुरुवातीचे स्टेशन’ या पायरीवर आणून बसवले. बसायला जागा मिळते, हा त्यातला खरा फायदा.

दुपारच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबायला हवे. सकाळच्या गर्दीनंतर ते दुपारी तीनपर्यंत या मार्गावर लोकलच नसे. कारण दिले जाई ते रूळ आणि तारांच्या देखभालीच्या ब्लॉकचे. कारण खोटे नाही. दोनच रूळ, त्यांवरून लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या, मग दुरुस्ती करायची कधी? पण सकाळच्या कॉलेजचा विद्यार्थी बारा वाजता सुटतो, पहिल्या पाळीचा माणूस तीनच्या आधी मोकळा होतो, आणि कोर्टात ‘पुढची तारीख’ बहुधा जेवणाच्या सुट्टीआधीच मिळते. ही माणसे फलाटावर डबा खाऊन वेळ काढत. करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, लोकल पूर्ण थांबली. ऑक्टोबरमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, बाकीच्यांना पुष्कळ वाट पाहावी लागली, आणि दुपारची पोकळी तर आणखीच रुंदावली. प्रवाशांच्या संघटनांनी निवेदने दिली, खासदारांना गाठले, पुन्हा निवेदने दिली. अखेर २०२४ च्या सुरुवातीला दुपारची एक लोकल मिळाली, आणि ती सुटू लागली शिवाजीनगरहून, बाराच्या सुमारास. एका गाडीसाठी एवढे, असे परक्याला वाटेल. ज्याला वडगावला घरी जाऊन जेवायचे आहे त्याला तसे वाटत नाही.

मेट्रोचे काम आले आणि शेजारच बदलला. २०१९ संपता संपता एसटीचा स्टँड वाकडेवाडीला, सरकारी दूध डेअरीच्या जागेत गेला. तात्पुरता, असे सांगितले गेले होते. नाशिकहून येऊन लोकल पकडणारा प्रवासी पूर्वी भिंत ओलांडल्यासारखा फलाटावर येई, त्याला आता सामान घेऊन जुन्या मुंबई रस्त्याने रिक्षा करावी लागू लागली. स्टेशनचे आपले किती आणि स्टँडचे उसने किती, हे त्या वर्षी कळले. फलाटाबाहेरचे चहावाले, वडापाववाले, रसवंतीवाले यांना ते सगळ्यात आधी कळले. आराखड्यांत एसटी, मेट्रो, पीएमपी आणि रेल्वे यांचे एकत्र संकुल आहे. एसटी मूळ जागी परतेल असे आश्वासनही आहे. आश्वासनाला तारीख मात्र लोकलच्या वेळापत्रकापेक्षा वेगळ्या हिशेबाने पडते.

१ ऑगस्ट २०२३ रोजी भुयारी मेट्रो शिवाजीनगरपर्यंत आणि पुढे जिल्हा न्यायालयापर्यंत आली. जुन्या सरकारी धान्य गोदामांच्या जागेवर जिल्हा न्यायालयाचे स्थानक झाले, जमिनीखाली तेहतीस मीटर. शिवाजीनगरच्या मेट्रो स्थानकाची सजावट गडकिल्ल्यांच्या धर्तीची. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. पिंपरी ते शिवाजीनगर या पट्ट्यात मेट्रो आणि लोकल आता जवळजवळ हातात हात घालून धावतात. मेट्रो थंडगार आहे, थोड्या थोड्या वेळाने येते. तिने लोकलचे प्रवासी पळवले, अशी ओरड झाली. शहरातल्या शहरात काही पळवले असतील. पण मेट्रो पिंपरीला संपते आणि मावळ तिथून पुढे सुरू होतो. उलट तळेगाव-कामशेतहून लोकलने येऊन शिवाजीनगरला मेट्रो धरायची आणि मंडईला उतरायचे, हा नवाच प्रवास शक्य झाला आहे. दोन्ही स्थानकांच्या मधले अंतर थोडके आहे. ते पावसात छत्री न उघडता, आणि आजीला हाताला धरून जिने न चढवता पार करता यावे, एवढीच अपेक्षा आहे. सध्या ती पुरी होत नाही.

शिवाजीनगरचे नाव अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत आहे. नवे दर्शनी रूप, लिफ्ट, सरकते जिने असे बरेच काही कागदावर आहे. दर्शनी रूपाचे आम्हाला फारसे अप्रूप नाही. या स्टेशनने दीर्घ काळ तोंडवळ्याशिवाय काढला आहे. हवे आहेत ते रूळ. पुणे-लोणावळा दरम्यान तिसरी आणि चौथी मार्गिका झाल्याशिवाय लोकलला स्वतःची वाट मिळणार नाही, आणि तोवर प्रत्येक नवी फेरी ही एखाद्या एक्स्प्रेसच्या किंवा देखभालीच्या ब्लॉकच्या पोटातून काढून घ्यावी लागणार. ११ मार्च २०२८ रोजी लोकलला पन्नास वर्षे होतील. तोपर्यंत दुपारी बारा ते तीन या वेळेत आणखी दोन फेऱ्या, आणि फलाटावर वाट पाहणाऱ्या बायकांसाठी एक स्वच्छ, उघडे असलेले स्वच्छतागृह, या दोन मागण्यांचे निवेदन या स्मरणिकेच्या प्रतीसोबत विभागीय कार्यालयाला देण्यात येत आहे.